ओवाळणी, ऑप्शन्स आणि आमची छोटी

माझी मावसबहीण १६ वर्षांची. ओवाळणी, वाढदिवसाची पाकिटं असं करत तिने १८ हजार साठवलेत. परवा म्हणाली, ‘ताई, बँकेत पैसे नुसते पडून आहेत. ऑप्शन्समध्ये टाकू?’ मैत्रिणीच्या दादाने म्हणे महिन्यात दुप्पट केले! सेबीचा २०२४चा अहवाल दाखवला तिला. तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर १०० सामान्य लोकांपैकी ९३ जण तोट्यात. शिवाय १८ पूर्ण होईपर्यंत तिला ते करताही येत नाही.

मग गुंतवूच नये? गुंतवावं की! बारावीनंतरच्या लॅपटॉपसाठीचे १५ हजार एफडीत. उरलेले तीन आणि पुढची ओवाळणी इंडेक्स फंडात, मावशीला गार्डियन करून.

‘एवढ्याशा पैशांनी काय होणार?’ इति मावशी. फार काही नाही. पण २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के आपटला, तेव्हा भलेभले घाबरून विकून मोकळे झाले. असा दिवस पहिल्यांदा बघायचा तर तीन हजारांवर बघावा, पीएफच्या पैशांवर नाही. (फ्रीलान्सरला पीएफच नसतो, ती वेगळी रडकथा!)

बाईसाहेब अजून रुसल्यात. फॉर्मवर मावशीची सही मात्र घेऊन ठेवलीय.