आसईचे रणांगण आणि वकिलीची एक वाट

जालना जिल्ह्यात भोकरदनच्या पूर्वेला, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात आसई नावाचे खेडे आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे इंग्रज सेनापती वेलस्ली आणि शिंदे-भोसले यांच्या फौजांची मोठी लढाई झाली. वस्तीतील कॉलेजची मुले-मुली घेऊन आम्ही हे ठिकाण पाहून आलो. आज तेथे मका-कापसाची शेते आहेत.

इंग्रजांचे सुमारे १६०० लोक मेले वा जखमी झाले, असे पुस्तके सांगतात. शिंदे-भोसल्यांची हानी सुमारे सहा हजारांची धरतात. "पण गावकऱ्यांचे काय झाले?" एका मुलीने विचारले. लढाई तर गावकुसाला भिडली होती. कुसाच्या आतले, बाहेरचे किती मेले, हा आकडा आम्ही वाचलेल्या पुस्तकांत नव्हता. फौजेचा हिशेब फौज ठेवते. गरिबाचा हिशेब ठेवायला कायदा लागतो आणि तो चालविणारा माणूस लागतो.

जखमी सैनिकांसाठी पहिला जिनिव्हा करार १८६४ साली झाला. युद्धात सापडलेल्या सामान्य नागरिकांसाठी चौथा करार झाला तो १९४९ साली, म्हणजे आसईनंतर १४६ वर्षांनी! भारताने तो मान्य केला आणि १९६० साली त्यासाठी कायदाही केला.

हे करार कागदावर राहू नयेत म्हणून वकील लागतात. जळालेल्या गावात जाऊन जबाब घेणे, मृतांची नावे लिहिणे, दवाखान्याचे कागद जुळविणे, साक्षीदाराला जपणे, असे हे काम. रेडक्रॉस, संयुक्त राष्ट्रसंघ, हेगचे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय येथे अशी माणसे लागतात. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याच्या केसमागे धावणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना हे काम परके नाही. साक्षीदार फुटला की केस कशी पडते, हे आपण जाणतो.

वाट अशी: बारावीनंतर पाच वर्षांची किंवा पदवीनंतर तीन वर्षांची वकिलीची पदवी घ्यावी. छत्रपती संभाजीनगरला २०१७ पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. पुढे आंतरराष्ट्रीय कायद्यात एलएल.एम. करावे. परदेशी शिकायचे तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. इंग्रजी पक्की हवी, फ्रेंच आली तर उत्तमच. नोकरी लगेच मिळत नाही. आधी जिल्हा न्यायालयात गरिबांच्या केसेस लढवून हात बसवावा.

आम्ही कारकून माणसे, नोंदीची किंमत जाणतो. ज्याची नोंद नाही, त्याला न्याय मागता येत नाही. तेव्हा पालकांनी मुलींना क्लार्कच्या परीक्षेबरोबर ही वाटही दाखवावी.