ऐकण्याचा तास

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी दोन शब्द लिहावेत, असा निरोप आला. इतिहासाच्या शिक्षकाने लेण्यांविषयी किंवा महाडच्या सत्याग्रहाविषयी लिहावे, अशीच वाचकांची अपेक्षा असणार. यंदा मात्र आम्ही लिहिणार आहोत ते आमच्या कानांविषयी.

आपल्या वसतिगृहात राहून दहावी झालेली, परळच्या चाळीतील एका गिरणी कामगाराची नात एके दिवशी नायगावला आमच्या घरी आली. इंग्लंडमधील विद्यापीठाने तिला प्रवेश देऊ केला होता. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठीही तिला अर्ज करायचा होता. अट एकच उरली होती : आयईएलटीएस परीक्षेच्या प्रत्येक भागात किमान साडेसहाचा बँड. वाचन, लेखन, संभाषण यांत ती उत्तीर्ण झाली. श्रवणात साडेपाचावर अडली. परीक्षेचे शुल्क पंधरा हजारांहून अधिक. तेवढा तिच्या वडिलांचा महिन्याचा पगारही नव्हता. "सर, वाचलेले सारे कळते, ऐकलेले निसटून जाते," एवढे बोलून ती गप्प झाली.

ते वाक्य आमच्या वर्मी लागले. १९९० नंतरच्या त्या वर्षांत एम.ए. होऊन आम्ही एका महाविद्यालयात अध्यापकपदाच्या मुलाखतीस गेलो होतो. समितीतील एका गृहस्थांनी इंग्रजीत प्रश्न विचारला. आम्ही तो चुकीचा ऐकला आणि भलतेच उत्तर दिले. टेबलाच्या पलीकडे हसू उमटले. जिना उतरताना प्रश्न उलगडला. त्याचे उत्तर आम्हांस तोंडपाठ होते. पुढे जवळपास तीस वर्षे आम्ही मुलांना "इंग्रजीचा बाऊ करू नका" असे सांगत आलो, परंतु इंग्रजी ऐकण्यास कधी बसवले नाही.

म्हणून तिला म्हणालो, "बाळ, आपण दोघे मिळून बसू."

या परीक्षेचे स्वरूप पालकांनी समजून घ्यावे. सुमारे ३० मिनिटे, ४ भाग, ४० प्रश्न. पहिल्या भागात खोली भाड्याने घेण्यासारखा दोघांचा व्यवहारी संवाद, दुसऱ्यात एकाच व्यक्तीचे माहितीपर निवेदन, तिसऱ्यात विद्यार्थ्यांची अभ्यासविषयक चर्चा आणि चौथ्यात व्याख्यान. ध्वनिफीत एकदाच ऐकवतात. उच्चार ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, अमेरिकन असे निरनिराळे असतात. वक्ता आधी एक वेळ सांगतो, मग स्वतःच ती दुरुस्त करतो. पहिली ऐकून जो लिहितो तो फसतो. स्पेलिंग चुकले तर गुण जातो. साधारण २३ उत्तरे बरोबर आली की सहाचा बँड, ३० आली की सातचा.

पहिल्या रविवारी तिची २१ उत्तरे बरोबर आली, आमची १५. ती ओशाळली, आम्ही मनमोकळे हसलो. गुरूची उत्तरपत्रिका शिष्येने तपासावी, हा योग आमच्या नोकरीत प्रथमच आला.

मग आम्ही एक वही घातली. ध्वनिफीत प्रथम मजकुराविना ऐकायची, नंतर छापील संहिता समोर ठेवून जिथे चुकलो तिथे खूण करायची आणि चुकण्याचे कारण लिहायचे. महिनाभराने वही चाळली तेव्हा आश्चर्य वाटले. अनोळखी शब्दांमुळे झालेल्या चुका थोड्याच होत्या. बहुतेक ठिकाणी शब्द ओळखीचाच होता, त्याचा आवाज तेवढा अनोळखी होता. मराठीत आपण बहुतेक अक्षरे स्पष्ट उच्चारतो. इंग्रज एका अक्षरावर जोर देतो आणि बाकीची गिळतो. आपला 'कम्फर्टेबल' त्याच्या तोंडी 'कम्फ्टबल' होतो, 'शुड हॅव' हे 'शुडव' होते. 'थर्टीन' आणि 'थर्टी' यांतील भेद जोर कुठे पडतो यावरून कळतो. आपल्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या. त्या पाठमालेचे ऋण मोठेच आहे. पण तिने इंग्रजी डोळ्यांना शिकवली, कान मात्र तसेच राहिले.

म्हणून रोज दोन मिनिटांचा तुकडा घेऊन तो वाक्यावाक्याने लिहून काढायचा आणि वक्त्याच्या पाठोपाठ, त्याच्याच लयीत मोठ्याने म्हणायचा, असा नेम ठेवला. चाळीत शांतता कुठली? कुकरच्या शिट्ट्या, गॅलरीतली भांडणे, भाद्रपदात लालबागचे ढोल. तिची आजी म्हणाली, "आम्ही झोपेतसुद्धा आपल्या गिरणीचा भोंगा ओळखायचो. कानाला सवय लागते, पोरी." आमच्या सगळ्या विवेचनाचे सार त्या माउलीने एका वाक्यात सांगितले.

याच परळच्या चाळीतून बाबासाहेब एल्फिन्स्टनमध्ये शिकले, १९०७ साली मॅट्रिक आणि १९१२ साली बी.ए. झाले. लष्करी शाळेत शिक्षक असलेल्या रामजी सुभेदारांनी मुलाच्या इंग्रजीकडे जातीने लक्ष दिले होते. १९१३ साली बाबासाहेब कोलंबियात पोहोचले आणि सेलिग्मन, ड्युई यांच्या व्याख्यानांना बसले. त्यांच्या वाचनाविषयी आपण नेहमी बोलतो, त्यांच्या ऐकण्याविषयी क्वचितच. दादरच्या घराला त्यांनी 'राजगृह' हे नाव दिले. परंपरा सांगते की तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली संगीती राजगृहातच भरली आणि भदंत आनंदांनी आपण ऐकलेली सुत्ते संघापुढे म्हणून दाखवली. धम्म लेखणीत उतरण्याआधी कित्येक पिढ्या कानांनीच जपला. ऐकणे ही आपल्या परंपरेतील आद्य विद्या आहे, आणि तिच्यासाठी आपल्या वेळापत्रकात एक तासही नाही.

चार महिन्यांनी तिने पुन्हा परीक्षा दिली. श्रवणात बरोबर साडेसहा. ना कमी, ना जास्त. निकाल सांगायला आली तेव्हा पेढ्यांआधी तिने ती वही आमच्या हाती ठेवली. आमचा शेवटचा आकडा होता २४.

पुढे शिष्यवृत्ती मिळून ती गेली. पहिल्याच आठवड्यात तिचा निरोप आला : "सर, एक प्राध्यापक स्कॉटलंडचे आहेत. निम्मेच कळले. तास संपल्यावर जाऊन विचारले. कोणी हसले नाही." हे शेवटचे तीन शब्द आम्ही पुन्हा पुन्हा वाचले.

तेव्हा या स्मरणिकेच्या निमित्ताने एकच मागणे. आठवीपासून रोज पंधरा मिनिटे ऐकण्याचा तास सुरू व्हावा. एक ध्वनिक्षेपक आणि एक वही एवढ्यावर तो चालतो. देशोदेशी गेलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या रोजच्या जगण्याविषयी पाच-पाच मिनिटे इंग्रजीत बोलून ते ध्वनिमुद्रित करून पाठवावे. मुलांच्या कानांवर पहिली परकी भाषा आपल्याच माणसाच्या आवाजात पडू द्या. तास आम्ही घेऊ. आणि मुलांबरोबर उत्तरेही लिहू.

जय भीम.