हरकतीचा कागद



आमची भाची इंग्लंडात केंब्रिज शहरी नर्स आहे. २०२४ च्या जून महिन्यात तिने तिकिटे पाठवली, आम्ही कार्यालयातून तीन आठवड्यांची अर्जित रजा घेतली आणि उभयता विमानात बसलो. शेजारपाजारच्यांना वाटले, आम्ही राजवाडे पाहायला निघालो. आमच्या मनात मात्र एकच पत्ता होता, लंडनमधला दहा, किंग हेन्रीज रोड. ते घर आम्ही पाहिले, उंबऱ्याला हात लावला आणि डोळे पुसले. त्याविषयी पुढे लिहितोच. पण आज मुख्यतः लिहायचे आहे ते मैलापाण्याविषयी. नाक मुरडू नका. ज्या विषयाला जग नाक मुरडते, तो विषय आपल्याच दारात आणून ठेवलेला असतो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक?

एका रविवारी भाचीने आम्हाला कॅम नदीच्या काठाने फेन डिटन आणि हॉर्निंगसी या गावांकडे फिरायला नेले. दोन्ही बाजूंना गव्हाची शेते, मधून पायवाट, दूर चर्चचा मनोरा. रस्त्याच्या कडेला घरांच्या कुंपणावर पाट्या लावलेल्या होत्या. भाचीने वाचून अर्थ सांगितला : ‘हनी हिल वाचवा.’ हनी हिल म्हणजे मधाची टेकडी. टेकडी कसली, आपल्या डोळ्यांना सपाट रानच! त्या रानात केंब्रिज शहराचे मैलापाणी शुद्धीकरण केंद्र हलवण्याचे ठरले होते आणि गावकऱ्यांचा त्याला विरोध होता. जमीन ‘ग्रीन बेल्ट’ म्हणजे हरित पट्ट्यातली होती.

आम्हाला हसू आले. आमच्या सौ. तर म्हणाल्या, “अहो, इथं वास येईल म्हणून भांडतायत. आपल्याकडं वास येतो म्हणून तर घर स्वस्तात मिळालं!”

भाची म्हणाली, “मामी, हसू नका. त्यांचं म्हणणं आधी ऐका.”

वाटेत एक वयस्क गृहस्थ कुत्र्याला घेऊन चालले होते. भाचीने त्यांना थांबवले. त्यांनी शांतपणे सांगितले ते असे : “आमचे भांडण घाणीशी नाही. घाण आमचीही आहे. पण जुने केंद्र बंद पडलेले नाही, मोडलेले नाही. ते तिथे काम करते आहे. मग ते उचलून शेतात कशाला आणता?”

आम्ही कारकून माणूस, त्यात बी.कॉम. जमा आणि नावे अशा दोन बाजू मांडल्याशिवाय आम्हाला झोप येत नाही. रात्री भाचीला विचारून विचारून आम्ही वहीत हिशोब मांडला.

जुने केंद्र शहराच्या ईशान्येला कौली रोडवर आहे. शहर वाढत वाढत त्याच्याजवळ आले आणि ती जमीन सोन्याची झाली. केंद्र हलवले तर त्या भागात नवी वसाहत होणार. तिथल्या आराखड्यात सुमारे ८,३५० घरे धरलेली. त्यासाठी २०१९ साली सरकारने गृहनिर्माणाच्या निधीतून २२ कोटी ७० लाख पौंड देऊ केले. अँग्लियन वॉटर या कंपनीने २०२० मध्ये तीन जागा लोकांपुढे ठेवल्या आणि २०२१ च्या जानेवारीत हनी हिल निवडली.

आता दुसरी बाजू. इंग्लंडात १९५५ साली सरकारने एक परिपत्रक काढून नगरांभोवती हरित पट्टे राखण्यास सांगितले. शहराने शेजारची गावे गिळू नयेत, उघडे रान उघडेच राहावे आणि जुन्या नगराचे रूप बिघडू नये, असा त्याचा हेतू. गावकरी म्हणत, हा नियम तुमचाच ना? मग काम करणारे केंद्र हलवण्यासाठी तो का मोडता? प्रश्न बिनतोड होता.

पण हिशोब तिथे मिटत नव्हता. आमची भाची एका खोलीत राहते आणि निम्मा पगार भाड्यात घालते. त्या शहरात नर्सला, बसचालकाला, झाडूवाल्याला घर परवडत नाही. ती म्हणाली, “मामा, त्या रानात मी दर रविवारी फिरते. ते जाऊ नये असं वाटतं. आणि ती घरं झाली असती तर कदाचित एक माझ्या वाट्याला आलं असतं, असंही वाटतं. आता मी कुठल्या बाजूची?” आम्हाला उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला नदीकाठचे एक संग्रहालय दाखवले. चेडर्स लेनवरचे ते जुने पंपघर १८९४ साली बांधले. त्याआधी शहराची घाण थेट नदीत जात असे. या पंपघरात शहराचा कचरा जाळून वाफ करीत, त्या वाफेवर इंजिने चालवीत आणि मैलापाणी मिल्टनच्या बाजूच्या शेतावर ढकलीत. १९६८ पर्यंत हे चालले. इंजिने अजून तेल लावून चकचकीत ठेवली आहेत. भट्टीपुढे उभे राहून कोळशाऐवजी कचरा लोटणारे मजूर कोण असतील, असा विचार आमच्या मनात आला आणि आबांची आठवण झाली.

आबा म्हणजे आमचे वडील. महापालिकेच्या ड्रेनेज खात्यात होते. संध्याकाळी घरी आले की आधी बाहेरच्या नळावर अंघोळ, मग घरात पाऊल. आम्ही लहानपणी धावत जायचो, तर हात वर करून म्हणायचे, “थांब बाळा, अजून शहर अंगावर आहे.” त्या वेळी ते वाक्य गमतीचे वाटे. आज गळ्याशी येते. इंग्रजांनी आपल्या मैल्याच्या इंजिनाचे संग्रहालय केले. आपल्याकडे ते इंजिन म्हणजे माणूसच होता!

१९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये देण्यास सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढली. पण माणूस उतरवणे थांबले का? वर्तमानपत्र उघडा आणि स्वतःच पाहा.

आता किंग हेन्रीज रोडविषयी. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर घेऊन स्मारक केले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण पुढचे अनेकांना ठाऊक नाही. राहत्या घराचे संग्रहालय करण्याची नगररचनेची परवानगी तिथल्या पालिकेने २०१८ मध्ये नाकारली. शेजाऱ्यांपैकी काहींची तक्रार होती की लोकांची वर्दळ होते. मग अपील झाले, जाहीर चौकशी झाली, दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या आणि मार्च २०२० मध्ये तिथल्या मंत्र्यांनी स्मारकाच्या बाजूने निकाल दिला.

सांगायचे ते हे की हरकत हे दुधारी हत्यार आहे. तेच हत्यार गावकरी शेत वाचवायला वापरतात आणि तेच कोणी आपल्या उद्धारकर्त्याचे दार बंद करायलाही वापरतो. म्हणून हत्यार वाईट ठरत नाही. ते कोणाच्या हाती आहे आणि कोणाच्या हाती नाही, हा खरा प्रश्न.

आणि इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे.

आमच्या वस्तीत विहाराशेजारी एक मैदान होते. विकास आराखड्यात त्यावर बागेचे आरक्षण होते. बाग कधी झाली नाही, पण पोरे क्रिकेट खेळत, चौदा एप्रिलचा मंडप तिथेच पडे, बाया पापड वाळवत. २०१६ साली एके सकाळी तिथे पत्रे ठोकले गेले. चौकशी केली तर कळले, आरक्षण बदलून जागा मैलापाणी शुद्धीकरण केंद्राला दिली. आम्ही मोर्चा काढला. महिला मंडळ पुढे, आम्ही निवेदन घेऊन मागे. साहेबांनी आदराने बसवले, चहा दिला आणि फाईल उघडून दाखवली. आरक्षण बदलाची नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात रीतसर छापली होती. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, कलम ३७. हरकती व सूचना एक महिन्याच्या आत. महिना होऊन चार महिने उलटले होते.

त्याच फाईलमध्ये आणखी एक गोष्ट होती. केंद्र आधी हमरस्त्यापलीकडे सोसायट्यांजवळ व्हायचे होते. तिथल्या रहिवाशांनी मुदतीत, प्रत्येकाने स्वतंत्र, सही-पत्त्यासह हरकती दिल्या होत्या. आमच्या वस्तीकडून? एकही नाही.

ती नोटीस ज्या वर्तमानपत्रात आली, ते आमच्या घरी येत होते! आम्ही दिवसभर दुसऱ्यांच्या फायलींवर ‘मुदतीत प्राप्त’, ‘मुदतबाह्य’ असे शेरे मारणारे कारकून. समाजात चार लोक आम्हाला कार्यकर्ता म्हणतात. आणि आमच्याच मैदानाची नोटीस आमच्याच रद्दीत गेली. त्या दिवशी साहेबांपुढे मान खाली गेली ती अजून पुरती वर आलेली नाही.

केंद्र उभे राहिले. खोटे कशाला बोला, नाला पूर्वीपेक्षा बरा झाला आहे, पावसाळ्यात घरात शिरणारे पाणी तितके काळे नसते. पण उन्हाळ्याच्या रात्री टाक्यांचा वास येतो, पोरे रस्त्यावर खेळतात आणि मंडप आता गल्लीत पडतो. केंद्रात काम करणारी पोरे आपलीच, कंत्राटावर.

केंब्रिजहून परतताना आम्ही विमानात विचार करीत होतो. त्या वेळी नोटीस वाचली असती तर आम्ही काय लिहिले असते? ‘आमच्याकडे नको’ एवढेच? मग ते दुसऱ्या गरिबाच्या दारात गेले असते. मैलापाणी शुद्ध व्हायलाच हवे, कुठेतरी व्हायलाच हवे. आबांचा मुलगा याला नाही कसे म्हणेल? आम्ही लिहायला हवे होते : जागा कशी निवडली ते दाखवा. मैदान घेता तर बदली मैदान द्या. टाक्या झाका, वासावर उपाय करा. आत माणूस उतरवणार नाही, यंत्र वापराल, असे लिहून द्या. काम वस्तीतल्या मुलांना द्या, पण कायम करा. यातले सगळे मिळाले नसते. पण फाईलमध्ये आमचा कागद तरी असता.

हनी हिलचे पुढे काय झाले? ८ एप्रिल २०२५ रोजी सरकारने प्रकल्पाला मंजुरी दिली. गावकरी हरले असे सर्वांना वाटले. पण खर्च फार वाढला होता, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने वाढीव पैसा द्यायला नकार दिला. योजना थांबली. भाचीचा फोन आला. म्हणाली, “मामा, गावात आनंद आहे. मी परवा त्या वाटेनं फिरून आले. गहू कापून झालाय.” मग थोडे थांबून म्हणाली, “आणि घरमालकानं भाडं वाढवलंय.”

शेत वाचले, याचा आनंद खरा. तिचे घर झाले नाही, हेही तितकेच खरे. हरकतीने एक जागा वाचते, पण घराचा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी वेगळे भांडावे लागते.

वाचकहो, गेल्या वर्षभरापासून आमच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास ‘नोटीस वाचन’ चालते. आठवड्याची वर्तमानपत्रे घेऊन बारावीची दोन मुले आणि महिला मंडळाच्या एक ताई बसतात. बारीक टाईपातल्या जाहीर सूचना मोठ्याने वाचतात, वस्तीचा संबंध असेल ती कापून फळ्यावर लावतात आणि खाली लाल खडूने शेवटची तारीख लिहितात. पहिल्या महिन्यात सगळे हसले. आज ताईंना कलम ३७ तोंडपाठ आहे.

अलीकडेच आपल्या शाळेच्या पटांगणातून रस्तारुंदी जात असल्याची सूचना सापडली. अकराव्या दिवशी बासष्ट हरकती दाखल केल्या, प्रत्येकाची स्वतंत्र, पोच घेऊन. सुनावणीची तारीख यायची आहे. काय होईल ते होवो. पण या वेळी फाईल उघडली जाईल तेव्हा आमचे कागद त्यात असतील, आणि त्यांच्यावर ‘मुदतीत प्राप्त’ असा शेरा असेल.

आपल्या विहारातही हे सुरू करा. खर्च काही नाही. एक खडू आणि एक फळा पुरतो.

जयभीम.