मल्खाचा उजवा कान

मल्ख! महायाजकाचा नोकर. गेथशेमाने बागेत पेत्रानं तलवार उपसून ज्याचा उजवा कान उडवला, तो. शास्त्रात त्याच्या वाट्याला जेमतेम एक-दोन ओळी, आणि तोंडी शब्द एकही नाही. त्या मल्खाला यंदा गुड फ्रायडेच्या उपासनेत मी सात-आठ मिनिटं बोलताना ऐकलं, आणि तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय!

आमच्याकडे त्या दिवशी बारा ते तीन क्रूसावरचे सात उद्गार असतात. सात वक्ते, सात संदेश, मध्ये गीतं. चौथ्या उद्गारापर्यंत लहान मुलं पेंगायला लागतात आणि मोठी माणसं आपण पेंगत नसल्याचा आव आणतात. यंदा पहिला उद्गार झाला, आणि शत्रूंना केलेल्या क्षमेचं गीत संपतं न संपतं तोच मधल्या वाटेनं एक गृहस्थ पुढे आले. साधा पांढरा सदरा, हातात कागद नाही. नाताळच्या नाटकातली कापसाची दाढी नाही, चादरीचा झगा नाही, केवढं बरं वाटलं! बोलता बोलता त्यांचा हात सारखा उजव्या कानाकडे जायचा. लक्षात आलं की खाली घ्यायचे, की पुन्हा वर.

“लोक म्हणतात, दाखव कान,” मल्ख सांगत होता. “मी दाखवतो. व्रणसुद्धा नाही. मग म्हणतात, खोटारडा आहेस.”

अंगावर काटा आला हो! बरं झाल्याचा पुरावाच उरलेला नाही, ही अडचण इतक्या वर्षांत मला कधी सुचली नव्हती.

घरी येऊन चारही शुभवर्तमानं उघडली. कान तुटल्याचं चौघंही सांगतात. तो प्रभूनं बरा केला, हे एकटा लूक सांगतो. मल्खाचं आणि पेत्राचं नाव फक्त योहान देतो. आणि पुढे त्याच अध्यायात, अंगणात शेकत असलेल्या पेत्राला ‘तुला मी बागेत पाहिलं ना?’ असं विचारणारा माणूस कोण? मल्खाचा नातलग! मल्खाच्या बोलण्यात आलेला हा धागा लिहिणाऱ्यानं पदरचा घातलेला नव्हता, तो तिथेच होता. चांगल्या एकपात्रीची हीच खूण मला वाटते. शास्त्रानं जिथे मोकळी जागा सोडली आहे तिथेच पात्रानं बोलायचं, लिहिलेलं मोडायचं नाही.

आणि हे काही आजचं खूळ नाही! नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला कासिया नावाच्या जोगिणीनं प्रभूच्या पायांना तेल लावणाऱ्या पापी स्त्रीचं गीत रचलं. सुरुवात ‘ती’ अशी होते आणि मध्येच ती बाई स्वतःच बोलू लागते. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत ते पवित्र सप्ताहातल्या मंगळवारी संध्याकाळी आजही गातात. आपल्याकडे तरी काय? फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण 1616 साली छापलं गेलं ते मंडळीत वाचून दाखवायला, आणि नगरकडे कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनं रंगवली. आख्यानात पात्र होऊन बोलणं मराठी कानाला कधीच परकं नव्हतं. आपणच ते सोडून दिलं आणि वर ‘तरुण उपासनेला येत नाहीत’ म्हणून कुरकुरत बसलो.

एक पथ्य मात्र हवं. शेवटी पात्रानं ‘तर प्रिय बंधुभगिनींनो’ म्हणून बोध सुरू केला की सगळं मुसळ केरात. आमचा मल्ख कानावरचा हात तसाच ठेवून जागेवर जाऊन बसला. संदेश द्यायला पाळकसाहेब होतेच.

आता मला दर पानावर माणसं दिसायला लागलीत! ईयोबाची बायको: तिच्या एका वाक्यावरून आपण तिला नावं ठेवतो, पण ती दहा मुलं तिचीही गेली होती. पिलाताची बायको: मत्तयात एक वचन, एक स्वप्न, बस्स. कुरेनेकर शिमोन: शेतावरून येत होता, धरून क्रूस खांद्यावर दिला, त्याच्या दोन्ही मुलांची नावं मार्क आवर्जून सांगतो.

पाळकसाहेबांनो, येत्या दुःखसप्ताहात संदेशातली सात मिनिटं काढून द्या. आणि तुमच्या मंडळीत मागच्या बाकावर बसणारी, शास्त्र नीट वाचणारी एखादी काकू असेल, तर ईयोबाच्या बायकोचं काम तिलाच द्या.