चित्राचं वजन

फोटोशॉपमधली एक खिडकी उघडायला कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एस अशी चार बटणं एकदम दाबावी लागतात. डावा हात खेकड्यासारखा वाकवला की जमतं. 'सेव्ह फॉर वेब' हे तिचं नाव. १९९९ साली ५.५ या आवृत्तीत ती आली. पुढे अडोबीनं तिच्या नावामागे कंसात 'लेगसी' लिहून तिला आतल्या मेनूत ढकललं. काढून मात्र टाकलं नाही. माझ्यासारख्यांनी ओरडा केला असता.

त्या खिडकीत एकच फोटो चार वेळा मांडून बघता येतो. पहिला मूळ, बाकीचे तीन आपण हलके करू तसे. प्रत्येकाखाली त्याचं वजन आणि तो बघणाऱ्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ: ३६ केबी, २८.८ च्या मोडेमवर १० सेकंद. त्या काळी पुण्यात मोडेम किंचाळत जोडला जायचा, घरात कुणी फोन उचलला की तुटायचा, आणि जोडलेला असेपर्यंत इंटरनेटचे तास आणि टेलिफोनचे कॉल अशी दोन मीटरं पळत असायची. त्यामुळे खिडकीतले ते सेकंद म्हणजे मला कुणाचे तरी पैसे वाटायचे. दहा सेकंद माणूस थांबेल. तीस म्हटलं की उठून चहा टाकायला जाईल. मग मी क्वालिटीची पट्टी ८० वरून ६० वर, ६० वरून ४५ वर आणायचो आणि दर वेळी डोळे बारीक करून बघायचो: काय गेलं? गेलेलं कळतंय का?

फोटोवर काम करणं म्हणजे काहीतरी घालणं, असंच मी लहानपणापासून बघत आलो होतो. साताऱ्यात आमच्या अण्णांचा स्टुडिओ होता. काचेच्या उतरत्या डेस्कवर निगेटिव्ह ठेवून ते टचिंग करत. पॉलिश पेपरवर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल घ्यायची आणि निगेटिव्हवर शिसं भरत जायचं. तेवढा भाग प्रिंटवर उजळ येतो. देवीचे व्रण त्यांनी असे कितीजणांचे पुसले. डार्करूममध्ये एन्लार्जरखाली ते तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून ती हलवत राहायचे, म्हणजे चेहरा काळवंडत नाही. आकाश फिकं पडलं तर मुठीची पोकळी करून तिच्यातून तेवढ्याच भागावर जादा उजेड सोडायचे. पुढे पुण्याच्या डीटीपी सेंटरमध्ये पहिल्यांदा फोटोशॉपची हत्यारं पाहिली, तेव्हा त्यात तारेवरची चकतीही होती आणि पोकळ मूठही. हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं रसायनात बोटं बुडवलेली असणार, हे मी तेव्हाच ताडलं. पुढे वाचनात आलं ते असं: थॉमस नोल मिशिगन विद्यापीठात पीएचडी करत होता. १९८७ मध्ये त्यानं मॅकच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दाखवणारा प्रोग्राम लिहिला. सिनेमाच्या स्पेशल इफेक्ट्समध्ये काम करणाऱ्या जॉन या भावानं तो वाढवायला लावला, आणि फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉप बाजारात आलं. त्यांचे वडील ग्लेन नोल यांनी घराच्या तळघरात डार्करूम केली होती.

माझ्या वाट्याला मात्र उलटं काम आलं, काढून टाकण्याचं. त्याला पैसे मागताना पंचाईत व्हायची. गिऱ्हाईक दोन्ही फोटो शेजारी ठेवून म्हणायचं, "दोन्ही सारखेच तर दिसतायत, तुम्ही केलंत काय?" सारखे दिसतायत हीच तर माझी मजुरी होती.

या काढून टाकण्यामागचं गणित एका बंगळुरूच्या माणसाचं आहे, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. नासीर अहमद अमेरिकेत कॅन्ससला शिकवत होते. १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेसाठी अनुदान मागितलं. कल्पना फारच सोपी आहे असं एका परीक्षकाला वाटलं आणि अनुदान नाकारलं गेलं. १९७४ मध्ये त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत ते गणित छापलं, आणि १९९२ मध्ये ठरलेलं जेपेग त्याच पायावर उभं आहे. फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात सावकाश बदलणारं काय आणि बारीक थरथरणारं काय ते वेगळं करायचं, आणि थरथर आधी टाकायची. शिवाय डोळा उजेडाच्या बाबतीत चोखंदळ असतो, रंगाच्या बाबतीत ढिला. म्हणून उजेड पूर्ण ठेवून रंग आडवा-उभा निम्मा केला तरी सहसा कळत नाही.

सहसा. माझं बरंचसं काम वधूवर मंडळांचं असायचं. दीडशे ठिपके रुंदीचा फोटो, त्यात मुलीच्या कपाळावर लाल टिकली. ती असते जेमतेम तीन-चार ठिपक्यांची. रंग निम्मा झाला की ती कपाळावर फिसकटते. क्वालिटी पन्नाशीच्या खाली नेली की हमखास. टिकली पुसट झालेला फोटो बघून मुलीची आई अस्वस्थ व्हायची, नक्की काय बिनसलंय हे तिला सांगता यायचं नाही, एवढंच म्हणायची, "ही आमची वाटत नाही." मग मी क्वालिटी वर ठेवायचो आणि वाढलेलं वजन मागच्या पडद्यातून वसूल करायचो. पडद्यावरची फुलं धूसर केली की थरथर गेली, आणि चार-पाच केबी सुटले. कुणालाही न दिसणारी ही अदलाबदल जमली की मला अजूनही बरं वाटतं.

"थोडी उजळ करा" ही मागणीही याच फोटोंवर व्हायची. ती अण्णांच्या पेन्सिलीलाही चुकली नव्हती. स्टुडिओत उजेड कमी पडला असेल तर मी सगळा फोटो उचलायचो, भिंतीसकट. नुसता चेहरा उचलायला नाही म्हणायचो. काही गिऱ्हाइकं गेली. आता ते काम फोन न सांगताच करतो, त्यामुळे माझ्या नकाराला अर्थ उरलेला नाही.

सगळ्यात जास्त चित्रं मी केली ती मात्र माणसांची नव्हे, मजकुराची. आजच्या मुलांना हे खरं वाटत नाही. मराठी पान वाचायचं तर वाचणाऱ्याच्या मशीनवर आपला तोच फॉन्ट हवा, नाहीतर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. न्यू जर्सीतल्या वाचकाकडे आमचा फॉन्ट कुठून असणार? मग लेख जुळवायचा, त्याचं चित्र करायचं आणि ते चित्र पानावर ठेवायचं. यासाठी जेपेग कुचकामी. शिरोरेषेभोवती करडी धूळ उडते. जिफमध्ये २५६ पर्यंत रंग, पण काळ्या अक्षरांना सोळा पुरतात, कधी आठही. पांढऱ्या जागेला जवळजवळ वजनच नसतं. अक्षरांच्या कडा मऊ करताना मागच्या रंगाची छटा मिसळावी लागायची. पुढे वेबसाइटच्या मालकानं पानाचा रंग पांढऱ्याचा पिवळा केला की प्रत्येक वेलांटीभोवती पांढरी किनार उमटायची आणि दिवाळी अंक नव्यानं काढावा लागायचा. जिफच्या आतल्या युक्तीवर युनिसिसचं पेटंट होतं आणि त्यावरून झालेल्या भांडणातून १९९६ मध्ये पीएनजी तयार झालं. आमच्या गल्लीत मात्र पेटंटची चौकशी करायला कुणी आलं नाही.

विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्ट आला, युनिकोडनं हळूहळू हातपाय पसरले आणि हे काम संपलं. संपलं ते उत्तमच झालं. त्या चित्रांत अडकलेल्या कथा-कविता शोधून सापडत नव्हत्या, त्यातली ओळ उचलता येत नव्हती, आणि ज्याला दिसत नाही त्याला स्क्रीन रीडर त्या वाचून दाखवत नव्हता. एक-एक केबी वाचवत मी इतकी देखणी पानं केली, आणि आतला मजकूर मशीनच्या लेखी नव्हताच.

हल्ली माझ्याकडे येवल्यातल्या एका विणकर बाईंच्या पैठण्या येतात, म्हणजे त्यांचे फोटो. फोनवरून येणारा एकेक फोटो पाच एमबीचा. जुन्या खिडकीच्या हिशेबानं २३ मिनिटं! आता एवढं थांबायला कुणाला लागत नाही, आणि चित्र लहान करून वेबपी फॉरमॅटमध्ये बदलणं सर्व्हर आपणच करतो. नुसत्या वजनाच्या कामात तो माझ्याहून सरस आहे. रंगाचं भांडण मात्र मिटलेलं नाही. पैठणीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्याचा. कापड वळलं की जांभळ्याचं हिरवं होतं. एका फोटोत ते मावत नाही, म्हणून दोन कोनांतून घ्यायला सांगतो. व्यावसायिक फोटोग्राफर अडोबी आरजीबीमधला फोटो पाठवतो. तो रंगांच्या प्रोफाइलशिवाय पानावर गेला तर मरगळलेला दिसतो, म्हणून एसआरजीबीत आणायचा. एवढं करूनही गिऱ्हाईक म्हणणार, फोनवर दिसली तशी नाही.

यातलं सगळ्यात वेळखाऊ काम हल्ली वेगळंच आहे. प्रत्येक चित्रामागे एक ओळ लिहायची असते, न दिसणाऱ्यासाठी आणि चित्र उतरलंच नाही तर दिसणाऱ्यासाठीही. पूर्वी मी तिथे 'साडी १' असं काहीतरी टाकून मोकळा व्हायचो. आता बाईंना फोन लावतो. हा पक्षी कुठला? "मुनिया." वेल? "असावली म्हणा." पदरावर? "बांगडीमोर." मी लिहिलं, 'जांभळी पैठणी, पदरावर बांगडीमोर', आणि वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, "किती मोर ते घाला की! आमचं गिऱ्हाईक मोर मोजतं." मूळ फोटो पुन्हा उघडला, शंभर टक्क्यांवर मोठा केला आणि मोजायला बसलो.