थर वाचणारी मुले

धर्मगुरू झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मी एका शाळेत नववीला भूगोल शिकवीत असे. १९९८ सालची गोष्ट. ग्रीनलंडच्या बर्फात लाखभर वर्षांचे हवामान साठून राहिले आहे, असे मी फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "फादर, बर्फाचं वय त्यांना कसं कळलं?"

मला उत्तर येत नव्हते. ते कबूल करण्याऐवजी मी म्हणालो, "परीक्षेत एवढं विचारत नाहीत. बस खाली." वर्गात हशा पिकला. त्या मुलाचे वडील विहिरी खोदण्याचे काम करीत. जमिनीचे थर त्याने माझ्यापेक्षा अधिक पाहिले असतील. वर्ष संपेपर्यंत त्याने पुन्हा हात वर केला नाही.

पुढे अनेक वर्षांनी एका उपक्रमाविषयी वाचताना मला ते उत्तर सापडले. २००७ साली अमेरिका, डेन्मार्क आणि ग्रीनलंड यांनी आपल्या शाळकरी मुलांना एकत्र ध्रुवीय विज्ञान शिकवण्याची संयुक्त योजना सुरू केली. पश्चिम ग्रीनलंडमधील कांगर्लुसुआक हे तिचे ठाणे. तेथे मुले शास्त्रज्ञांच्या सोबतीने उघड्या रानात जात, निरीक्षणे करीत आणि नोंदी ठेवीत. ज्यांच्या पूर्वजांनी बर्फाची पारख करीतच संसार केले, ती ग्रीनलंडची मुलेही त्यांत होती.

तेथून काही विद्यार्थी स्की लावलेल्या विमानाने समिट या संशोधन केंद्रावर जात. सुमारे ३,२०० मीटर उंचीचे ते हिमपठार. येथेच १९९३ साली ३,०५३ मीटर खोलवर छिद्र पाडून बर्फाचा गाभा तळापर्यंत काढण्यात आला होता. अशा ठिकाणी हिमात दोन खड्डे शेजारी-शेजारी खणतात आणि मध्ये पातळ भिंत राखतात. एक खड्डा वरून झाकून आत उभे राहिले की, दुसऱ्या खड्ड्यातले ऊन भिंतीतून निळे होऊन झिरपते आणि थर स्पष्ट दिसू लागतात. उन्हाळ्यातला थर भरड व हलका, म्हणून उजळ. हिवाळ्यातला बारीक व घट्ट, म्हणून गडद. अशी एक जोडी म्हणजे एक वर्ष. वय कसे कळते? बोट ठेवून मोजता येते!

त्या थरांत आपल्या काळाचीही नोंद होते आहे. जुलै २०१२ मध्ये समिटवरचा पृष्ठभागही वितळला. तसे त्यापूर्वी १८८९ साली घडले होते. ते पाणी पुन्हा गोठून त्याचा कठीण पापुद्रा हिमात राहिला. ऑगस्ट २०२१ मध्ये तर तेथे प्रथमच पाऊस पडल्याची नोंद झाली. हे वाक्य पुस्तकात वाचणे वेगळे आणि आपल्याच फावड्याला तो पापुद्रा लागणे वेगळे.

वाचकहो, आपल्या मुलांना ग्रीनलंडला नेणे मला शक्य नाही. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या आवारात शोषखड्डा खणला जात होता, तेव्हा मी मुलांना काठाशी बसवून थर मोजायला सांगितले. एका मुलीने विचारले, "फादर, इतक्या खाली शिंपले कसे आले?"

मी म्हणालो, "मला ठाऊक नाही, बाळ. आपण मिळून शोधू या."

हे वाक्य मी पंचवीस वर्षांपूर्वीच म्हणायला हवे होते.