समासातला अर्थ

नेमलेले वाचन म्हणजे अभ्यासक्रमाने ठरवून दिलेला, परीक्षेशी बांधलेला आणि विद्यार्थ्याने स्वतः न निवडलेला मजकूर. अशा मजकुरातून इंग्रजीचा प्रगत शब्दसंग्रह, म्हणजे रोजच्या बोलण्यात सहसा न येणारे पण अग्रलेख, न्यायनिवाडा किंवा विद्यापीठीय ग्रंथ वाचताना पदोपदी भेटणारे शब्द, विद्यार्थ्याच्या हाती कसा यावा, हा प्रश्न बारावीला इंग्रजी शिकवणाऱ्या कोणालाही नवा नाही. सोलापुरात मात्र या प्रश्नाला एक जास्तीची गाठ आहे, कारण ज्या मराठीतून शब्दाचा अर्थ सांगितला जातो ती मराठीच वर्गातील अनेकांच्या घरची भाषा नसते. पूर्व भागातील पद्मशाली विणकरांच्या घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडच्या कित्येक घरांत कन्नड, तर शहराच्या काही पेठांत उर्दू. आणि ही सर्व मुले एकाच बाकावर बसून इंग्रजी शब्दाच्या शेजारी, समासात, पेन्सिलीने मराठी प्रतिशब्द लिहून घेतात.

सोलापुरातील ज्या शिक्षकाच्या कामावर हे विवेचन आधारलेले आहे, त्याची निवृत्ती जवळ आली असताना त्याचा या समासावरचा विश्वास डळमळला. निमित्त होते ए. जी. गार्डिनर यांच्या ‘ऑन सेइंग प्लीज’ या निबंधाचे, जो १९२४ च्या ‘मेनी फरोज’ या संग्रहातला असून बारावीच्या इंग्रजी युवकभारतीत नेमलेला आहे. उद्वाहनातील उर्मट प्रवाशाला बाहेर ढकलणारा लिफ्टमन आणि पैसे घरी विसरलेल्या लेखकाला तिकीट देणारा बसचा कंडक्टर यांच्या आधारे गार्डिनर असे मांडतात, की कायदा उद्धटपणाला शिक्षा करू शकत नाही, पण साध्या शिष्टाचारावाचून सार्वजनिक जीवन आंबते. या शिष्टाचारासाठी त्यांनी वापरलेल्या ‘सिव्हिलिटी’ या शब्दाला शिक्षकाने वर्षानुवर्षे ‘सौजन्य’ हा प्रतिशब्द दिला होता. तेलुगू घरातील एका विद्यार्थिनीने त्या पाठावरच्या उत्तरात कंडक्टरने इतरांचा खर्च उचलला, हाच निबंधाचा गाभा असल्याचे लिहिले, तेव्हा चौकशीअंती असे निघाले की ‘सौजन्य’ हा शब्द तिने केवळ चौकातल्या फलकांच्या तळाशी, एखाद्या मंडळाच्या किंवा दुकानाच्या नावाआधी वाचलेला होता, आणि त्याचा अर्थ पैसे देणारा असाच तिने लावला होता. तिचे तर्कशास्त्र निर्दोष होते. पैसे नसलेल्या प्रवाशाला तिकीट देणारा कंडक्टर त्या अर्थाला दुजोराच देत होता. एका अपरिचित शब्दाच्या जागी दुसरा अपरिचित शब्द ठेवला गेला होता, आणि वाचनाने तो अपसमज दूर करण्याऐवजी पक्का केला होता.

संदर्भावरून अर्थ ओळखावा, हा उपदेश अध्यापनशास्त्रात सर्वमान्य आहे, परंतु त्याची पूर्वअट क्वचितच सांगितली जाते. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये दाखवले, की कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाच्या मदतीशिवाय वाचायचे तर मजकुरातील सुमारे ९८ टक्के शब्द आधीच माहीत असावे लागतात आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुले लागतात. शब्दकुल म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून प्रत्यय लागून झालेली रूपे. त्याच्या कितीतरी आधी मायकेल वेस्ट यांनी अविभाजित बंगालमध्ये, ढाक्यात काम करताना, हीच अडचण ओळखून आपल्या वाचनमालेत नवे शब्द मोजूनमापून, साधारण पन्नास शब्दांमागे एक, असे पेरले होते आणि पुढे १९५३ मध्ये सुमारे २,००० अत्यावश्यक शब्दांची यादी सिद्ध केली. गार्डिनर किंवा ओ. हेन्री यांनी शब्द मोजून लिहिलेले नाहीत. त्यांचे लेखन नेमणे योग्यच आहे, कारण खऱ्या लेखकाची भाषा विद्यार्थ्याला कधीतरी भेटलीच पाहिजे. पण मग पन्नासात एक नव्हे, तर ओळीत दोन-तीन अनोळखी शब्द समोर येतात, आणि संदर्भ स्वतःच अंधारात असताना त्याने दुसऱ्यावर उजेड पाडावा ही अपेक्षा फोल ठरते.

ओ. हेन्री यांची ‘द कॉप अँड द अँथम’ ही कथा या अडचणीचे सर्वांत हट्टी रूप आहे. हिवाळा तुरुंगाच्या उबेत काढण्यासाठी अटक करून घेऊ पाहणाऱ्या सोपी या बेघर माणसाची ही गोष्ट लेखकाने मुद्दाम भारदस्त शब्दांत सांगितली आहे, आणि विषय व शब्द यांच्यातील ही विसंगतीच तिचा विनोद आहे. सोपीच्या दृष्टीने दानधर्मापेक्षा कायदा अधिक ‘बिनाइन’, म्हणजे कनवाळू, असतो. परंतु संदर्भावरून अर्थ शोधणारा विद्यार्थी कायदा आणि कनवाळूपणा यांची सांगड घालू शकत नाही, म्हणून तो ‘कडक’ किंवा ‘न्याय्य’ असा अर्थ लावतो. हाच शब्द त्याला पुढे एखाद्या नातलगाच्या वैद्यकीय अहवालात, कर्करोग नसलेल्या गाठीच्या वर्णनात भेटणार असतो, आणि तेव्हा चुकीचा अर्थ फार महाग पडेल. अर्थ शिक्षकाने आधी सांगितला तर कथेतला उपरोध विद्यार्थ्याच्या हाती आयता येतो आणि निसटतो, नंतर सांगितला तर तोवर चुकीचा अर्थ मुरलेला असतो. नेमके केव्हा बोलावे, हे या शिक्षकाला आजही ठामपणे सांगता येत नाही.

कोणता शब्द शिकवावा, ही निवडही वाटते तितकी निर्मळ नसते. इसाबेल बेक आणि मार्गारेट मॅकिऑन यांनी शब्दांचे तीन स्तर कल्पिले असून त्यांपैकी दुसऱ्या स्तरातील, म्हणजे अनेक विषयांत वारंवार येणाऱ्या पण बोलण्यात विरळ असणाऱ्या शब्दांवर वर्गातील वेळ खर्च करावा, असे त्यांचे मत आहे. या कसोटीवर गार्डिनर यांच्या निबंधातील ‘एन्डॉर्स’ हा शब्द टिकतो, तर ओ. हेन्री यांनी धर्मादाय संस्थांसाठी वापरलेला ‘एलिमॉसिनरी’ बाद ठरतो. तरीही हा शिक्षक दरवर्षी तो दुसरा शब्द फळ्यावर लिहितो, त्याचे आणि भिक्षा या अर्थाच्या ‘आम्झ’ या शब्दाचे ग्रीक मूळ एकच असल्याचे सांगतो, आणि वर्गाच्या चेहऱ्यावर उमटणारे आश्चर्य मनसोक्त पाहतो. तो शब्द विद्यार्थ्यांना बहुधा पुन्हा भेटणार नाही, हे त्याला पुरते ठाऊक आहे; त्या आश्चर्याचा लोभ हाच त्यामागचा खरा हेतू असून तो सोडण्याची त्याची तयारी नाही.

शहरातील खासगी वर्गांत आणि गाइडांत हा सगळा प्रश्न यादीने सोडवला जातो. रोज दहा-वीस शब्द, समोर अर्थ, खाली समानार्थी आणि विरुद्धार्थी, आणि कृतिपत्रिकेच्या ८० गुणांपुरता त्यांचा उपयोग. या पद्धतीबद्दल राग येण्याचे कारण घोकंपट्टी हे नव्हे, कारण पाठांतराशिवाय कोणतीही भाषा आलेली नाही. राग येतो तो शब्द वाक्यातून उपटला जातो याचा. एकेकाळी घरोघरी असलेल्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेला आज जुनाट म्हणतात, पण तिच्यात शब्द वाक्यात बसवूनच पुढे जावे लागे. सोलापुरात वाढलेले अच्युत गोडबोले यांचा ‘व्हॉयेजिंग टुवर्ड्स एक्सलन्स’ हा पाठ याच युवकभारतीत आहे, आणि त्यातले अवघड शब्द मुलांना सर्वांत लवकर आपलेसे होतात, यामागे अन्य काही नसून विषयाची ओळख आहे, असे या शिक्षकाचे निरीक्षण आहे.

त्या विद्यार्थिनीनंतर त्याने प्रतिशब्द सांगणे लांबवले. आता कंडक्टर आंधळ्या प्रवाशासाठी काय करतो, मुलांशी कसा बोलतो, हे आधी मजकुरातून काढले जाते, आणि मग या वागण्याला घरी काय म्हणतात ते प्रत्येकाने समासात लिहायचे असते. तेलुगू घरांतील बहुतेक मुलांना तेलुगू लिपी येत नसल्याने ती देवनागरीतच लिहितात. पहिल्याच वर्षी काही समासांत ‘मर्यादा’ हा शब्द आला, आणि मराठी वाचकाला तो उघड चुकीचा, सीमा या अर्थाचा, वाटला. परंतु तेलुगूत ‘मर्याद’ आणि कन्नडमध्ये ‘मर्यादे’ म्हणजे आदराची, सभ्य वागणूक, हे वर्गातूनच पुढे आले, आणि मर्यादेने वागावे असे म्हणणाऱ्या मराठीलाही तो अर्थ परका नव्हता. ‘बिनाइन’ या शब्दासाठी मात्र असा आधार अजून सापडलेला नाही. देवाला लागू पडेल तो शब्द पोलिसाला कसा लावायचा, यावर तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या दोन मुली भांडल्या. शिक्षकाला त्यांच्या समासातले शब्द तपासता येत नव्हते, म्हणून त्याने एकीचा शब्द दुसरीला समजावून सांगायला लावला, आणि त्या खटाटोपात सोपीचा उपरोध दोघींच्या ध्यानात आला. परीक्षेत उत्तर इंग्रजीतच लिहायचे असल्याने या समासाला गुण नाहीत, आणि एका शब्दासाठी अख्खा तास जातो, म्हणून एका पाठात असे तीनच शब्द घेता येतात. ते तीन कोणते, याची यादी तो दरवर्षी जूनमध्ये नव्याने करतो आणि दिवाळीपूर्वी बदलतो.